शीचा रकाना

आमच्या लॅबमध्ये एक नियम आहे. जे लिहिलं नाही ते झालंच नाही. टँकरमधल्या दुधाचं तापमान घेतलं आणि वहीत लिहायचं राहिलं, तर साहेब सरळ म्हणतात की तुम्ही तापमान घेतलंच नाही, आणि त्यांच्यापुढे डोकं आपटून काही उपयोग नसतो. अकरा वर्षं मी त्या डेअरीत दूध तपासते आहे. तेव्हा बाळंतपणाच्या रजेत घरी बसल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर फ्रिजच्या दारावर एक तक्ता चिकटवला. पाजलं, शू आणि शी असे तीन रकाने आखले आणि शेजारी दोऱ्याने एक पेन टांगलं.

नवरा बघून हसला. म्हणाला, पोरीची हजेरी मांडतेस की काय. हसू दे म्हटलं. पहिला महिनाभर तिन्ही रकाने इतके भराभर भरत होते की खाली दुसरा कागद जोडावा लागला. शीचा रकाना तर सगळ्यात पुढे. दिवसाला सहा, कधी आठ, पिवळीधम्मक, पातळ, जराशी आंबूस वासाची. मग सातव्या आठवड्यातल्या एका सोमवारी तो रकाना रिकामा राहिला. मंगळवारीही काही नाही. शुक्रवार उजाडला तरी बाकीचे दोन रकाने वेळच्या वेळी भरलेले आणि तिसऱ्यात नुसत्या आडव्या रेघा.

पोरगी पाय पोटाशी घेऊन कण्हायची, लालबुंद व्हायची, मुठी आवळायची. आम्ही सगळे हातातली कामं टाकून तिच्याभोवती उभे राहायचो. आणि शेवटी निघायचं काय, तर वारा. तोही असा खणखणीत की शेजारच्या घरात ऐकू जावा. मग पुन्हा सगळं शांत. तिला राणीसरकार हे नाव त्याच आठवड्यात पडलं, कारण तिच्या एका कृपेसाठी अख्खा दरबार ताटकळत होता.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. कुठलंही यंत्र बिघडलं की आधी त्याला कान लावायचा, ही त्याची पद्धत. संध्याकाळी कामावरून आला की हात धुऊन तो तिच्या पोटाला कान लावायचा आणि गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "मोटर चालू आहे. दार उघडत नाहीये."

सासूबाई दुसऱ्या गावी असतात. त्यांचा रोज फोन यायचा. आडपडदा हा प्रकार त्यांना ठाऊक नाही. पहिल्या दिवशी म्हणाल्या, साखरपाणी पाजा. दुसऱ्या दिवशी, साबणाची बारीक कांडी लावून बघा. तिसऱ्या दिवशी त्यांनी थेटच विचारलं की अंगावरचं पुरतंय ना तिला, पोटात गेलं तर बाहेर येणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काही बोलणार तेवढ्यात आईने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"विहीणबाई," आई शांतपणे म्हणाली, "माझ्या लेकीला भरपूर आहे. तुम्ही अजिबात काळजी करू नका."

फोन ठेवल्यावर मी आईच्या गळ्यात पडून रडले. बाळंतपणाला ती माझ्याकडे येऊन राहिली होती. आयुष्यभर तिने शिवणकाम केलं, त्यामुळे येताना कपड्यांच्या पिशवीपेक्षा शिवणाची पिशवीच मोठी होती. हातात सुई असल्याशिवाय तिला बसता येत नाही. राणीसरकारांची दुपटी, टोपडी, झबली असा कारखाना तिने खिडकीपाशी उघडला होता. आणि माझ्या दुधाबद्दल ती बोलली, याला माझ्या लेखी फार किंमत होती, कारण तिला स्वतःला माझ्या वेळी दूध आलंच नव्हतं. मी डब्यावर वाढले. ही गोष्ट तिने मला दोनदाच सांगितली असेल, दोन्ही वेळा खाली बघून. तेव्हा लोक तिला काय काय बोलले होते ते तिने कधीच सांगितलं नाही, पण मला अंदाज होता.

"तुझं माझ्यासारखं नाही," ती म्हणाली. "थांब जरा. घाई करू नकोस. होईल सगळं."

त्याच शुक्रवारी आम्ही तिघं पोरीला घेऊन दवाखान्यात गेलो. तिथल्या सिस्टर वयाने मोठ्या आणि बोलायला मोजक्या. त्यांनी पोट दाबून पाहिलं, मऊ होतं. माझा तक्ता मी काढून नेला होता, तो त्यांनी नाकावरचा चष्मा सरकवत पहिल्या ओळीपासून वाचला. असा तक्ता वाचणारं माणूस मला आवडतं.

त्यांनी सांगितलं की नुसतं आईचं दूध पिणाऱ्या बाळांचं दीडेक महिन्यानंतर असं होतं. दूध इतकं पचतं की मागे टाकायला फारसं उरतच नाही. मग चार दिवस, आठवडा, क्वचित त्याहून जास्त दिवसही बाळ शी करत नाही. ती येईल तेव्हा मऊ असली, बाळ नीट पीत असलं, शू भरपूर असली की घाबरायचं कारण नाही. पोट टणक झालं, हिरवी उलटी झाली किंवा प्यायचंच सोडलं, तर मात्र एक मिनिट थांबायचं नाही. गॅससाठी पाय सायकलसारखे फिरवा, प्रत्येक वेळी ढेकर काढा, उभी धरून फिरवा. साबण नाही, साखरपाणी नाही, काही नाही.

मग त्यांनी तिला काट्यावर ठेवलं आणि थोडा वेळ आकड्याकडे बघत राहिल्या. वजन वाढलं होतं, पण जितकं वाढायला हवं तितकं नाही.

"दहा दिवस फक्त तुमचं दूध," त्या म्हणाल्या. "मागेल तितक्या वेळा. दुसरं काही देऊ नका, नाहीतर मला कळणार नाही पुरतंय की नाही. दहा दिवसांनी वजन बघू आणि ठरवू वरचं लागतंय का."

आता हे कुणाला वेडेपणा वाटेल, पण रोज पहाटे गेटवर उभी राहून मी परक्या लोकांचं दूध पास किंवा नापास करते. बाटलीचं झाकण उघडून आधी वास, मग बाकीच्या तपासण्या. पाणी घातलेलं, पावडर कालवलेलं, शिळं ताज्यात मिसळलेलं, यंत्राच्या आधी माझ्या नाकाला कळतं. चाळीस टँकरवाले माझ्या नाकाला वचकून असतात. आणि आता माझंच सॅम्पल काट्यावर होतं. दहा दिवसांनी मी पास होणार की नापास, एवढाच प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. घरी येऊन मी भरपूर रडले. नवरा पाठीवर हात फिरवत बसला. मग आईने त्याला काहीतरी आणायला खाली पाठवलं आणि मी पोरीला घेऊन आडवी झाले.

ते दहा दिवस मी दुसरं काही केलं नाही. पाजलं, ढेकर काढली, पाय फिरवले, पुन्हा पाजलं. पाठीचे तीनतेरा वाजले. माझी दया येऊन आईने एक नेम धरला. दुपारी दोनच्या सुमाराला ती पोरीला खांद्यावर टाकायची, शिवणाची पिशवी आणि तिचा चहाचा थर्मास घ्यायची आणि खाली बागेतल्या बाकावर जाऊन बसायची. उभी धरून फिरवायला सिस्टरनीच सांगितलंय, म्हणायची, तू तोवर पाठ टेक. मी उशीला डोकं लावलं की मेल्यासारखी झोपायचे. साडेतीनला ती परत यायची. पोरगी गाढ झोपलेली. चारला मी पाजायला घ्यायचे तर राणीसरकार तोंड फिरवायच्या. माझी छाती दगड झालेली आणि हिला नको. आई म्हणायची, हवा लागली की पोरं अशीच पेंगतात, संध्याकाळी पिईल बघ. मी तक्त्यावर चारच्या पाजण्यापुढे रेघ मारायचे.

या रेघेचा अर्थ मला लागायला हवा होता. तेच कामावर असतं तर मी तीन दिवसांत सगळ्यांना फैलावर घेतलं असतं.

शी थांबल्याच्या आठव्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी, रकाना भरला. मी स्वयंपाकघरात होते आणि आईची हाक आली, झाली गं बाई झाली एकदाची. मी धावत गेले. लंगोटात मातकट रंगाचा घट्ट गोळा होता आणि त्याला असा उग्र वास की मी दारातच थबकले. पिवळी नव्हती, पातळ नव्हती. मी जवळ जाऊन नाक पुढे केलं, तोवर आईने लंगोट गुंडाळला सुद्धा. आठ दिवसांचं साठलेलं आहे, वास येणारच, तू काय ते हुंगत बसतेस, असं म्हणत ती न्हाणीघरात गेली. माझ्या नाकाने काहीतरी सांगितलं होतं. मी नाकाकडे कानाडोळा केला आणि तक्त्यावर बरोबरची खूण केली, एक नव्हे दोन. नवऱ्याने लिफ्ट चालू झाल्याचं जाहीर केलं. आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

गॅस मात्र कमी व्हायच्या ऐवजी वाढला. संध्याकाळभर ती कुंथायची आणि लाल व्हायची. आई म्हणायची, थांब, होईल.

दहाव्या दिवशी, रविवार असूनही, सिस्टरनी आम्हाला बोलावलं होतं. पोरीला काट्यावर ठेवलं तेव्हा मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा सिस्टर हसत होत्या. साडेचारशे ग्रॅम वाढलं होतं. त्या म्हणाल्या, "वरचं कशाला हवंय? हे सगळं तुमचं आहे, बाई." माझा जीव भांड्यात पडला. आईच्या डोळ्यांना धार लागली. नवऱ्याने पोरीला उचलून तिथल्या तिथे एक गिरकी घेतली. येताना त्याने केक आणला, आणि आईने पहिला तुकडा माझ्या तोंडात घातला.

"मी म्हणत नव्हते?" ती म्हणाली. "तुला भरपूर आहे."

मी सासूबाईंना फोन लावून आकडा सांगितला. जरा नाकाने कांदे सोलतच सांगितला. त्या म्हणाल्या, चांगलं झालं हो, माझं चुकलं मग.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दुपारी मला झोप लागली नाही. आनंदानेच लागली नसेल. साडेतीनला आई वर आली तेव्हा मी जागी होते. मी हात पुढे केले आणि पोरीला खांद्यावर घेतलं. तिने एक ढेकर दिली आणि माझ्या खांद्यावर तोंडभर दूध काढलं. बाळं काढतातच. मी पुसायला फडकं उचललं आणि माझा हात हवेत थांबला.

शिजल्यासारखा वास. गोडसर, कोरडा, मागे औषधाची बारीक झाक. पावडर. हा वास मी झोपेतही ओळखीन. वर्षाला चार-पाच टँकर मी याच वासावर गेटवरून परत पाठवते आणि ड्रायव्हर शपथा घेतात की पावडर नाही, मॅडम, गाईला चारा बदललाय.

आई थर्मास विसळायला आत गेली होती. शिवणाची पिशवी खुर्चीवर होती. मी एका हाताने पोरीला धरून दुसऱ्या हाताने पिशवी उपसली. वरती झबली, खाली कापडाचे तुकडे, त्याखाली दोऱ्याची रिळं, आणि तळाशी अर्धवट शिवलेल्या दुपट्यात गुंडाळलेला डबा. सोबत छोटी वाटी आणि चमचा. डबा जवळजवळ संपलेला होता.

पण माझ्या पायाखालची जमीन सरकली ती डब्याने नव्हे, झाकणाने. झाकणावर काळ्या मार्करने तारीख लिहिली होती. आमचा लिफ्टवाला ग्रीसचा डबा उघडला, तेलाचा डबा उघडला की झाकणावर तारीख टाकतो. कामावरची सवय. घरात मिठाच्या डब्यावर सुद्धा त्याच्या अक्षरात तारीख असते. सातच्या आकड्याला तो मधे एक आडवी काडी मारतो. ती काडी तिथे होती. तारीख त्या शुक्रवारची होती, पहिल्या वजनाच्या दिवसाची. मी खाटेवर रडून झोपले होते आणि आईने त्याला काहीतरी आणायला खाली पाठवलं होतं.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. तिने डबा बघितला आणि उभ्या उभ्या खुर्चीची पाठ धरली.

"रोज?" मी विचारलं.

"दुपारचं एकदाच," ती म्हणाली. "दोन दिवस दोनदा."

"तू मला थांब म्हणालीस. रोज म्हणालीस."

"तुला म्हणाले." तिचा आवाज बसला होता. "मला थांबता येईना, बाळा. ते पोट बघितलं की मला तूच दिसायचीस. तू अशीच पाय आखडून रडायचीस आणि मी मारे सात आठवडे वाट बघत बसले होते, येईल दूध म्हणून. तू वाळून गेली होतीस. पुन्हा तसलं काही मला बघायचं नव्हतं."

मला तिची कीव यायला हवी होती. आज लिहिताना थोडी येते. तेव्हा आली नाही.

"मग मला सांगायचं."

"सांगितलं असतं तर तुझं होतं नव्हतं ते आटलं असतं. मला माहीत आहे, ते मनावर असतं."

म्हणजे माझ्याजवळ होतं तेवढं टिकावं म्हणून मला भरपूर आहे असं सांगायचं. मी तिला विचारलं, की मग विहिणीला फोनवर सांगितलंस ते? सिस्टरपुढे रडलीस ते? केक भरवलास तो? ती पोरीचं झबलं उचलून घडी घालत राहिली.

नवरा संध्याकाळी आला तेव्हा डबा टेबलावर होता, झाकण वर. त्याने झाकण बघितलं आणि बूट न काढताच बसला. मी काही विचारण्याआधीच त्याने सांगून टाकलं. आई जिन्यात त्याच्याशी बोलल्या, तू इतकी रडत होतीस, पोरगी इतकी कळवळत होती, त्याला वाटलं थोडे दिवस, तुझ्या भल्यासाठीच. आणि मग तो असं वाक्य बोलला की ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"पण वजन तर भरलं ना शेवटी?"

"कुणाचं?" मी म्हणाले. "सॅम्पलमध्ये भेसळ आहे. तो आकडा बाद. माझं दूध पुरतंय की नाही हे मला आजही माहीत नाही, आणि तुम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या."

तो म्हणाला, पावडर म्हणजे काय विष नाही. बरोबर आहे, विष नाही. मी त्याच्यावर वाढले आणि धडधाकट आहे. सिस्टरनी लागेल म्हटलं असतं तर मी स्वतः वाटी-चमचा घेऊन बसले असते, रडत का होईना, पण बसले असते. पावडरीवर माझा राग नव्हताच. दुधात पाणी घालणारे अकरा वर्षांत पुष्कळ बघितले. त्यातला एकही मला नंतर केक भरवायला आला नव्हता. हे मी त्याला बोलले, आणि आणखी बरंच बोलले, ते इथे लिहीत नाही. घरात एवढा आवाज मी आजवर केला नव्हता.

सासूबाई मला राहून राहून आठवत होत्या. पुरतंय का, असं तोंडावर विचारणारी घरच्यांत ती एकटीच बाई होती, आणि मी तिच्याकडून माफी वदवून घेतली होती.

आईला मी म्हटलं, तू आता जा. ती बुधवारी गेली. जाताना तिने पोरीचा पापा घेतला आणि माझ्याकडे बघितलं, मी पेनाचा दोरा सोडवत बसले होते. शिवलेली सगळी झबली ती ठेवून गेली.

गुरुवारी मी एकटीच पोरीला घेऊन दवाखान्यात गेले आणि सिस्टरना सांगितलं की रविवारचं वजन खोडा. डबा टेबलावर ठेवला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, कधी कधी वरचं लागतं, त्यात लाजायचं काही नाही, पण मला माहीत हवं होतं. घट्ट शी आणि वाढलेला गॅस पावडरीनेही झाला असेल. आणि दुपारचं पाजणं रोज चुकलं की दूध कमी व्हायला लागतं, हेही त्यांनी सांगितलं. म्हणजे ज्याची आईला भीती होती ते तीच रोज दोन वाजता थोडं थोडं करत होती. सिस्टरनी पोरीला पुन्हा तोललं, नवी तारीख टाकली, मधे चार दिवसांनी एकदा दाखवून जा म्हणाल्या, आणि पुन्हा दहा दिवस दिले.

घरी येऊन मी जुना तक्ता फाडला आणि नवा लावला.

हे दहा दिवस मी मोजून काढले. दुपारी दोनला आता कुणी पोरीला घेऊन जात नव्हतं. मी पाजता पाजता बसल्या जागी पेंगायचे. चौथ्या दिवशी मधलं वजन झालं, सिस्टरनी मान हलवली, चालू द्या म्हणाल्या. शी पाचव्या दिवसापासून बंद झाली. पाचवा, सहावा, सातवा, आठवा. रकान्यात पुन्हा रेघा. पोट मऊ, शू सात-आठ वेळा, पिणं जोरात. थांबायचं असतं हे मला माहीत होतं. पण थांब म्हणणारं माणूस घरात नव्हतं आणि मला त्याचा इतका राग यायचा की मी ओट्यापाशी उभी राहून मोठ्याने म्हणायचे, थांब, होईल. नवऱ्याने एकदा ऐकलं. तो दारातूनच मागे फिरला. पोटाला कान लावणं त्याने सोडून दिलं होतं.

नवव्या दिवशी सकाळी झाली. पिवळीधम्मक, मऊ, अंगावरचं झबलं, खालचं दुपटं, माझी बाही, सगळं माखून टाकलं. मी लंगोट धरून नाक पुढे केलं. आंबूस, हलका, ओळखीचा वास. मी तिथेच जमिनीवर बसले आणि हसले, आणि हात धुऊन खूण करायला उठले. सवयीने "आई" अशी हाक तोंडातून निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी काट्याने दोनशे चाळीस ग्रॅम दाखवले. साडेचारशे नव्हे, दोनशे चाळीस. सिस्टर म्हणाल्या, पुरतंय, व्यवस्थित पुरतंय. मी त्यांना आकडा कागदावर लिहून खाली सही करायला लावली. त्यांनी काही न विचारता केली.

संध्याकाळी आईचा फोन आला. नवऱ्याने कळवलं असणार. "मला माहीतच होतं," ती म्हणाली. "तुला भरपूर आहे." तेच वाक्य, तोच मऊ आवाज. यावेळी ते खरं होतं, माझ्या हातात सहीचा कागद होता. तरी ते ऐकून मला काहीच झालं नाही. मी हो म्हटलं, आणि जेवलीस का विचारलं, आणि फोन ठेवला.

नवरा तोवर पोरीला घेऊन बाहेर व्हरांड्यात गेला होता. दहा मिनिटं गेला असेल, समोरच्या इमारतीची नवी लिफ्ट दाखवायला. तो आत आला आणि तिला माझ्याकडे देत म्हणाला, बघ कशी हसतेय. ती खरंच हसत होती. मी तिला घेतलं, तोंडापाशी नेलं, आणि पापा घ्यायच्या आधी तिच्या ओठांचा वास घेतला, गेटवर बाटलीचं झाकण उघडल्यावर घेते तसा.

नवऱ्याने ते बघितलं.

वास माझ्याच दुधाचा होता. तरी मी तो पुन्हा एकदा घेतला.